पाईप, क्लिप आणि खंडेनवमी

आमच्याकडे नवा ट्रक घ्यायचा ठरला की सहा महिने चर्चा चालते. इंजिन कुठलं, टायर कुठले, बॉडी कुठे बांधायची, फायनान्स कोणाचा, दर्शनी भागावर नाव काय लिहायचं... नावावरून तर एकदा दोन चुलत्यांचा चांगला महिनाभर अबोला होता. पण रेडिएटरपासून इंजिनापर्यंत पाणी नेणारा जो हातभर रबरी पाईप असतो, आणि त्याला दोन्ही टोकांना आवळून धरणारी जी पत्र्याची क्लिप असते (कंपन्यांच्या पुस्तकात क्लॅम्प, आपल्याकडे क्लिपच), तिच्याबद्दल कोणी एक अख्खं वाक्य बोललेलं मी ऐकलेलं नाही.

मग ती निवडतो कोण? ज्याची गाडी रात्री दोन वाजता बंद पडते तो. आणि निवडतो कशातून? त्या वेळी जे दुकान उघडं असेल, त्याच्या खिळ्याला जे लटकत असेल, त्यातून.

मला जे म्हणायचंय ते एवढंच, की ही निवड रस्त्यावर होता कामा नये. ती घरी, दिवसाउजेडी आणि मालकाने करायची गोष्ट आहे. कारण ती चुकली तर भाजतो तो मालक नसतो.

मी मेकॅनिक नाही. पण पोटापाण्यासाठी काही वर्षं रबरी पार्टांच्या टेस्टिंगचं काम केलंय, आणि आमचे निम्मे नातेवाईक बारामती तालुक्यात तर निम्मे इंदापूर तालुक्यात, जवळजवळ सगळे ऊस नाहीतर चाकांच्या धंद्यात. त्यामुळे लॅबमधलं आणि धुरळ्यातलं, दोन्हीकडचं थोडंथोडं कानावर पडत आलंय. ज्यांचा ट्रकशी संबंध मागचं 'हॉर्न ओके प्लीज' वाचण्यापुरता आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही, फार तांत्रिक होऊ देणार नाही.

आधी आपल्याकडच्या गाडीचं आयुष्य बघा. हायवेवरचा ट्रक आणि उसाचा ट्रक या दोन वेगळ्या जाती आहेत. हायवेवरच्या गाडीला समोरून वारा मिळतो, इंजिन एका तालात चालतं. उसाची गाडी दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटले की फडात शिरते. फडातून पक्क्या रस्त्यापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत, भरलेली, आणि वारा शून्य. रेडिएटरच्या जाळीत पाचट आणि धूळ यांचा गालिचा. मग माळेगाव असो, सोमेश्वर असो, भवानीनगरचा छत्रपती असो, नाहीतर इंदापूरकडचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा... कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत चालू-बंद, चालू-बंद. पहाटे थंडीत १०-१२ अंशांवर गारठलेलं इंजिन तासाभरात ८५-९० वर जातं, परत गार होतं, परत तापतं. आणि हंगाम संपला की तीच गाडी चार-सहा महिने लिंबाखाली उभी! रबर कडक होतंय, उंदरांची सोय होतेय.

आता त्या पाईपातून काय चाललेलं असतं? डिझेल जाळून जी ऊर्जा निघते तिचा ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश भाग पाण्यात जातो. ती उष्णता इंजिनातून उचलायची आणि रेडिएटरमध्ये नेऊन टाकायची, हे काम २०-२५ लिटर पाणी दिवसभर फिरत राहून करतं. वाटेत लोखंड, पितळ, अ‍ॅल्युमिनियम वगैरे दणकट मंडळी असतात. त्यांना जोडणारा दुवा मात्र रबराचा. तो रबराचाच असावा लागतो, कारण इंजिन हलतं आणि रेडिएटर चासीला धरून बसलेला असतो. दोघांच्या भांडणात मधे पडून वाकणारा कोणीतरी लागतोच. (घरोघरी असा एक माणूस असतो.)

इथे एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. बारामती समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, म्हणजे उघड्या पातेल्यातलं पाणी आपल्याकडे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. जड ओझ्याच्या इंजिनाला हे फार जवळचं झालं. म्हणून रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं. प्रेशर कुकरचंच तत्त्व. ०.७ ते १ बार दाब धरला की तेच पाणी ११५ ते १२० अंशांपर्यंत उकळत नाही. आता क्लिप सैल असेल तर आपण म्हणतो, "थोडं ठिबकतंय, टाकू लिटरभर पाणी." पण ठिबकतंय तिथून पाण्याबरोबर दाबही जातोय. दाब गेला की उकळायची मर्यादा परत ९८ कडे घसरते. म्हणजे पाणी भरलेलं असूनही गाडी उकळते, आणि मग दोष जातो ड्रायव्हरकडे. "पाणी बघत नाही का रे?" तो बघत असतो. दाब डोळ्यांना दिसत नाही.

क्लिप सैल होते कशी, तर कोणी सैल केली म्हणून नव्हे. रबर तापलं की धातूपेक्षा जास्त फुगतं, क्लिपच्या पट्टीखाली दबतं, आणि वारंवार दबून दबून मूळ जाडीला परत येणं सोडून देतं. पहाटे सगळं गार होऊन आकसलं की क्लिपचं वर्तुळ तेवढंच राहतं आणि आत फट पडते. म्हणूनच अनेक गाड्या सकाळी ठिबकतात आणि तापल्यावर 'आपोआप' बंद होतात. आपला हंगाम नेमका थंडीत, त्यामुळे हा खेळ रोजचा.

आपण नेहमी वापरतो ती स्क्रूने आवळायची क्लिप १९२१ मध्ये लमली रॉबिन्सन या ब्रिटिश नौदलातल्या कमांडरने पेटंट केली. त्याचं व्यापारी नाव 'ज्युबिली', आणि अजूनही 'जुबली क्लिप' मागणारे जुने मेकॅनिक भेटतात. चीज चांगलीच आहे, शंभर वर्षं उगाच टिकली नाही. पण मोठ्या पाईपाला, भरल्या ओझ्याच्या गाडीला तिची रुंद पट्टीची जड जात घ्यावी, आणि जमलं तर स्प्रिंगवाली घ्यावी. तिच्या बोल्टाखाली स्प्रिंग किंवा वाटीसारख्या वॉशरांची चळत असते. रबर फुगलं की ती दबते, आकसलं की पाठलाग करते. किंमत जास्त, पण पहाटेच्या ठिबकीवर खरा इलाज तोच.

दुकानात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "स्टेनलेस आहे साहेब, गंज चढणार नाही." पट्टी स्टेनलेस असते हो, स्क्रू कशाचा आहे? पट्टी चकचकीत आणि स्क्रू साध्या लोखंडाचा मुलामा दिलेला, असा माल भरपूर मिळतो. दोन पावसाळ्यांत स्क्रू जाम. आणि चुंबक लावून परीक्षा करणाऱ्यांसाठी... स्टेनलेसच्या काही जातींना चुंबक लागतो, काहींना नाही. त्यामुळे चुंबक चिकटला म्हणून नकली आणि नाही चिकटला म्हणून अस्सल, इतकं सोपं नसतं. स्क्रूसकट सगळी स्टेनलेस आहे का, ते स्पष्ट विचारून घ्यावं आणि बिलावर लिहून घ्यावं.

मापाचंही तसंच. पाईप चढवल्यावर त्याचा बाहेरचा व्यास क्लिपच्या मापाच्या साधारण मधोमध यावा. फार मोठी क्लिप शेवटच्या खाचेपर्यंत आवळली की ती गोल राहत नाही, एका बाजूने चावते. रेडिएटरच्या तोंडाला जो उंच गोट असतो त्याच्या मागे क्लिप बसली पाहिजे, गोटावर नाही आणि पाईपाच्या अगदी टोकालाही नाही. आणि पैलवानकी नको. हल्लीच्या बऱ्याच रेडिएटरांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात, तिथे जास्त आवळलं की तोंडच तडकतं. पाईप सरकत नाही म्हणून ग्रीस किंवा ऑइल लावायची पद्धत तर साफ बंद करावी. या रबराचं तेलाशी वैर आहे, ते फुगून मऊ पडतं. साबणाचं पाणी लावा, सरकतो.

आता पाईप. सध्या चांगल्या गाड्यांना ईपीडीएम नावाच्या रबराचे पाईप येतात. उष्णता, ऊन, कूलंट सगळं सोसतं. पण त्याची एक खोड मी लॅबमध्ये असताना शिकलो, आणि ती सगळ्यांना सांगावीशी वाटते. हा पाईप आतून मरतो. दोन टोकांना धातू आणि मधे क्षार असलेलं पाणी, म्हणजे एक बारीकशी बॅटरीच तयार होते. त्या विजेने रबराच्या आतल्या अंगाला, बहुतेकदा क्लिपपासून दोन-तीन बोटांच्या आत, लांबट चिरा पडतात. चिरांतून पाणी आतल्या दोऱ्यांपर्यंत जातं, दोरा कुजतो, आणि एक दिवस पाईप फुटतो. बाहेरून मात्र काळाभोर, चकचकीत! (वरून फडकं मारून 'नवा' दिसणारा पाईप म्हणूनच फसवा.) या चाचणीसाठी एसएई या संस्थेचं जे १६८४ नावाचं वेगळं मानक आहे, म्हणजे हा प्रकार काही एखाद्या मेकॅनिकच्या डोक्यातून निघालेला नाही.

परीक्षा मात्र दोन बोटांची आहे. गाडी पूर्ण गार असताना पाईप टोकाजवळ चिमटीत दाबा, मग मधोमध दाबा. टोकाशी जास्त मऊ लागला, किंवा आत पन्हळीसारखी चीर जाणवली, तर तो पाईप संपला. सगळा पाईप लाकडासारखा कडक लागला तरीही संपला.

आणि ही बॅटरी जोरात चालायला लागतात ते क्षार आपल्याकडे फुकट आहेत. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकातला. त्याने बारामती-इंदापूरला ऊस दिला, आणि जास्त पाण्याने काही ठिकाणी पांढरी पडलेली क्षारपड रानंही दिली. रानावर जो पांढरा थर दिसतो त्याचाच भाऊ बोअरच्या पाण्याबरोबर रेडिएटरमध्ये जाऊन बसतो. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?" असं विचारणारे आमच्याकडे तीन आहेत. (तिघेही हे वाचणार आहेत. नमस्कार!) कूलंट बर्फासाठी जितकं असतं तितकंच गंज आणि क्षार रोखण्यासाठीही असतं. उकळायची मर्यादा थोडी वाढते ती वेगळीच. आणि ते मिसळायचं ते बॅटरीच्या पाण्यात, बोअरच्या नाही. कंपनीने जे प्रमाण सांगितलंय तेच ठेवावं.

हल्ली निळ्या सिलिकॉन पाईपांची फॅशन आलीय. माझं मत विचाराल तर सगळ्यांनी त्यामागे लागू नये. सिलिकॉन उष्णतेला फार चांगला, वर्षानुवर्षं लवचीक राहतो, आतून चिरत नाही. पण तेलाला तोही कच्चाच. इंजिनाला ऑइलची गळती असेल तर आधी गळती काढा, निळा पाईप नंतर. शिवाय त्याच्यातून पाण्याची वाफ हळूहळू झिरपते, त्यामुळे पातळी जास्त वेळा बघावी लागते. आणि तो इतका मऊ असतो की साध्या खाचांच्या क्लिपमधून वर येऊन स्वतःला कापून घेतो. त्याला आतून सपाट अस्तर असलेलीच क्लिप लागते. महागडा पाईप आणि स्वस्त क्लिप ही जोडी म्हणजे पैठणीवर सेफ्टी पिन.

बहुतेकांना चांगल्या कंपनीचा, त्याच मॉडेलसाठी घडवलेला ईपीडीएम पाईप पुरेसा आहे. घडवलेला हे महत्त्वाचं. मीटरवर मिळणारा सरळ पाईप कापून वळवला की वळणावर घडी पडते, आणि तिथेच पाणी अडतं. पाईपावर कंपनीचं नाव, मानक (एसएई जे २० असा उल्लेख बऱ्याचदा असतो) आणि बनवल्याची तारीख छापलेली असते. दुकानातल्या माळ्यावर उन्हात चार वर्षं पडलेला पाईप 'नवा' म्हणून घेऊ नका. आणखी एक, वरच्या पाईपापेक्षा खालच्याकडे जास्त लक्ष द्या. खालून पंप पाणी ओढतो, त्यामुळे मऊ पडलेला खालचा पाईप फुटण्याऐवजी आत चिपकतो. म्हणून त्यात काही गाड्यांना तारेची स्प्रिंग दिलेली असते. "ही कशाला अडगळ," म्हणून ती काढून फेकणारे कारागीर आहेत. तसं केलं की गाडी उभी असताना ठीक आणि रेस केली की गरम, आणि कोणालाच कारण सापडत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. आमच्याच नात्यातल्या एका गाडीवर एकोणीस वर्षांचा क्लीनर होता. टेंभुर्णीच्या अलीकडे गाडी तापली. क्लिप आठवडाभर ठिबकत होती, सगळ्यांना माहीत होतं, आणि 'हंगाम संपला की बघू' असं ठरलेलं होतं. पोराने ओलं फडकं घेऊन झाकण फिरवलं. ११० अंशांचं पाणी दाबातून मोकळं झालं की ते नुसतं पाणी राहत नाही, त्यातल्या काहीची क्षणात वाफ होते. हात कोपरापर्यंत आणि गळा भाजला. कोणीतरी टूथपेस्ट लावली. (भाजल्यावर पहिलं काम म्हणजे वीसेक मिनिटं साधं गार वाहतं पाणी. पेस्ट, हळद, शाई काही नाही. एवढं तरी लक्षात ठेवा.) पोरगा वाचला, पण दोन महिने घरी बसला. त्या दोन महिन्यांचा हिशोब कोणाच्या वहीत आहे? मला तरी दिसला नाही.

आपण 'जुगाड' शब्दाचं फार कौतुक करतो. सायकलची ट्यूब गुंडाळून, बाइंडिंग वायर आवळून गाडी घरापर्यंत आणणाऱ्या माणसाला मीही सलाम करतो. त्याची अक्कल खरीच मोठी. पण जुगाड ही घरी पोचायची युक्ती आहे, घरी राहायची नाही. ज्या गाडीवर ती ट्यूब महिनाभर तशीच दिसते तिथे हुशारी कारागिराची, आळस मालकाचा, आणि धोका तिसऱ्याच्याच अंगावर.

आणि एकटा ड्रायव्हर-क्लीनर नाही थांबत. बीड-नगरकडून आलेली टोळी पहाटेपासून फडात कोयता चालवत असते. त्यांना पैसे टनावर. गाडी आली नाही तर तोडलेला ऊस भरायचा कशात? तोडल्यापासून २४ तासांच्या आत ऊस गाळला गेला तर उत्तम, नंतर वजनही घटतं आणि साखरही. म्हणजे एका क्लिपेपायी टोळी बसून, शेतकऱ्याचा काटा हलका, आणि कारखान्याचा उतारा कमी.

यावर आमच्या एका मामांचं उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय. "तुला काय जातंय बोलायला? डिझेल, टायर, हप्ते, टोळीची उचल... बिल कधी येतं ते आम्हाला विचार." मामा, मुद्दा शंभर टक्के बरोबर. म्हणून मी सगळं एकदम बदला म्हणत नाही. पैसे थोडे असतील तर आधी क्लिपा बदला, सगळ्या, एकाच वेळी. मग झाकण, कारण दाब तेच धरतं. मग खालचा पाईप, मग वरचा. नवीन पाईप बसवला की पहिल्या एक-दोन दिवसांनी, इंजिन गार असताना, स्क्रूच्या क्लिपा एकदा परत तपासा. (स्प्रिंगवाल्या क्लिपांना परत परत आवळायचं नसतं.) दर वर्षी चिमटीची परीक्षा आणि तिसऱ्या हंगामाआधी पाईप बदल, असं माझं मत. जुना पाईप धड असेल तर तो गाडीत ठेवा, दोन क्लिपांसकट. रस्त्यावरचं दुकान तुमच्या केबिनमध्येच असू द्या.

नवीन गाड्या घेणाऱ्यांना तर हे जास्त लागू आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, आणि बऱ्याच इंजिनांत धुराची उष्णता काढायलाही पाणीच वापरतात, म्हणजे पाईप वाढले, जोड वाढले. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय. फार चांगलं झालं, ड्रायव्हर माणूस आहे हे कायद्याने मान्य केलं. पण एसीची जाळी बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या पुढेच असते, म्हणजे रेडिएटरला मिळणारा वारा आधीच गरम. आणि पाचट अडकायला आता दोन जाळ्या.

तर माझी एक सूचना आहे. आपण खंडेनवमीला गाडी धुतो, झेंडूचे हार घालतो, नारळ फोडतो, लिंबू-मिरची बांधतो. अवजारांची पूजा हा आपला जुना आणि शहाणा सण आहे, आणि तो बरोबर हंगामाच्या तोंडावर येतो. गाडी उभी असते, गार असते, धुतलेली असते, मालक स्वतः हजर असतो. वर्षातून असा योग दुसरा नाही. हार घालायच्या आधी बॉनेट नाहीतर केबिन उचला, रेडिएटरमधलं पाचट काढा, पाईप चिमटीत दाबून बघा, आणि क्लिपा मालकाने स्वतःच्या हाताने बदला. ड्रायव्हरला शेजारी उभं करा आणि त्याला विचारा, कुठे ठिबकतंय. त्याला माहीत असतं. त्याला कोणी विचारत नाही, एवढंच.

लिंबू-मिरचीवर माझा राग नाही. बांधा खुशाल. फक्त आधी क्लिप.